मॉरिशसच्या मराठी कुटुंबांना खापरपणजोबांचा फोटो कुठे सापडतो?

कॅमेऱ्याकडे रोखून पाहणारा एक चेहरा आणि सोबत एक क्रमांक. मॉरिशसमधल्या अनेक भारतीय वंशाच्या कुटुंबांकडे पूर्वजांची एवढीच खूण उरली आहे. तीही घरच्या अल्बममध्ये नाही, तर सरकारी दफ्तरात.

हे फोटो कोणी आणि का काढले?

१८३४ ते १९२० या काळात जवळपास पाच लाख भारतीय मजूर ऊसमळ्यांवर काम करण्यासाठी करारावर मॉरिशसला गेले. बहुतेक जण कलकत्ता आणि मद्रासहून निघाले. मुंबई बंदरातून गेलेल्यांमध्ये कोकणातली मराठी माणसंही होती.

१८६७ च्या कायद्यानुसार, करार संपलेल्या मजुरालाही स्वतःचा फोटो लावलेलं ओळखपत्र जवळ बाळगावं लागे. ते नसेल तर पोलीस पकडत. म्हणजे हे फोटो आठवणीसाठी नव्हे, पाळत ठेवण्यासाठी काढले गेले. या जाचाविरोधात १८७१ मध्ये ९,४०१ मजुरांनी अर्ज केला आणि पुढच्याच वर्षी ब्रिटिश सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला.

मग आज ते मोलाचे का?

कारण फोटोसोबत नोंद आहे. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये या नोंदवह्या जपल्या आहेत. त्यात मजुराचं नाव, वडिलांचं नाव, वय, जात, जिल्हा, गाव आणि जहाज अशी माहिती मिळते. कुटुंबातल्या जुन्या जन्म किंवा विवाह दाखल्यावर पूर्वजाचा क्रमांक असेल, तर शोध बराच सोपा होतो.

अडचणी काय येतात?

कारकुनांनी नावं कानावर पडली तशी रोमन लिपीत लिहिली. गावाचं नाव ओळखू येईलच असं नाही. अनेकदा पूर्वजाचं पहिलं नावच पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं, त्यामुळे मूळ आडनाव हरवलं. घरी क्रिओल भाषा बोलणारी, पण गणेश चतुर्थी साजरी करणारी कुटुंबं तिथे आहेत. तिथे या सणाची सार्वजनिक सुट्टी असते. अशा घरात सण टिकला, पण गाव विसरलं गेलं. ते गाव कधी कधी या वहीतल्या एका ओळीत सापडतं.

आपल्यासाठी यात काय आहे?

फोटो एकटा बोलत नाही, त्याच्याशेजारची नोंद बोलते. आपल्या घरातल्या लग्नाच्या ग्रुप फोटोमागे बहुतेक वेळा काहीच लिहिलेलं नसतं, कारण तेव्हा सगळे सगळ्यांना ओळखत होते. दोन पिढ्यांनी तेच चेहरे अनोळखी होतात.

म्हणून आजी-आजोबांना विचारा: हे कोण, कुठलं गाव, कोणतं साल? उत्तर मऊ पेन्सिलीने फोटोमागे हलक्या हाताने लिहा. गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नसेल, तर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ती फोटोसोबत ठेवा. मोबाईलवर स्कॅन करत असाल, तर फोटोची मागची बाजूही स्कॅन करा.