वावडेच झाले औषध!

बिब्बा उतलेला तुम्ही पाहिला असेल. त्याचा तेलकट रस अंगाला लागला की त्वचा लाल होते, खाजते, फोड येतात. आपल्या बीड जिल्ह्यात बांधाबांधांवर माजलेल्या गाजर गवतानेही पुष्कळांना असाच त्रास होतो. 1955 च्या सुमारास पुण्यात दिसलेले हे गवत पुढे देशभर पसरले. त्यातील 'पार्थेनिन' या द्रव्याचे काही त्वचांना वावडे असते.

हे वावडे येते कसे? असा लहान रेणू त्वचेतील प्रथिनाला चिकटतो. त्वचेतील पहारेकरी पेशी ही 'परकी' जोडी लसीका ग्रंथींपर्यंत नेतात. तेथे तिला ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी वाढतात. याला दहा-पंधरा दिवस लागतात. नंतर तोच रेणू पुन्हा लागला, की साधारण दोन दिवसांत त्या पेशी तेथे धावून येतात आणि त्वचा सुजते.

गंमत अशी, की डॉक्टर हेच वावडे मुद्दाम निर्माण करतात! त्यासाठी डायफेनिलसायक्लोप्रोपेनोन, थोडक्यात 'डीपीसीपी', हे संयुग वापरतात. रोनाल्ड ब्रेस्लो या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने ते 1959 मध्ये तयार केले. तीन कार्बन अणूंचे त्रिकोणी कडे हे त्याचे वैशिष्ट्य. अतिनील किरणांनी ते कडे मोडते, कार्बन मोनॉक्साइड निघून जातो आणि औषध निकामी होते. म्हणूनच ते गडद तपकिरी बाटलीत ठेवतात.

प्रथम त्याचे दोन टक्के द्रावण त्वचेच्या छोट्या भागावर लावतात. सुमारे दोन आठवड्यांनी हजारो पट पातळ द्रावणाने उपचार सुरू होतात. चाई पडते तेव्हा शरीराच्याच पेशी केसांच्या मुळांवर हल्ला करतात. या नव्या कामाने त्यांचे लक्ष दुसरीकडे वळते, असे मानले जाते. चामखिळीत उलट घडते. तेथे लपलेल्या विषाणूकडे या पेशींचे लक्ष वेधले जाते. गुण सर्वांनाच येतो असे नाही, आणि उपचार महिनोन् महिने चालतो.

मग चाईवर बिब्बा चोळण्याचा जुना उपाय का करू नये? कारण बिब्ब्यात दाहक द्रव्य किती, हे कोणी मोजलेले नसते. डॉक्टर टक्क्याच्या हजाराव्या भागापासून सुरुवात करतात. बिब्बा एकदम भाजूनच काढतो. तेव्हा चाई दिसली तर अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. विष आणि औषध यांत पुष्कळदा फरक असतो तो केवळ मापाचा!