साखरेच्या भूमीवरील चित्र

मुलाच्या वाढदिवसाच्या केकवर एखादे कमळ किंवा मोर रेखाटावयास बसलेल्या गृहिणीच्या हाती चित्रकाराचाच कुंचला असतो. परंतु तिच्या पुढ्यातील भूमी साखरेची असते आणि काढलेले चित्र तासाभरात मुलांच्या पोटात जावयाचे असते. त्यामुळे रंग कसे मिसळावेत हे तिला चित्रकाराप्रमाणे, आणि कोणते रंग मिसळावेत हे वैद्याप्रमाणे ठाऊक असावे लागते.

रंग मिसळण्याचे शास्त्र प्रथम पाहू. बाजारात मिळणाऱ्या पिवळ्या खाद्यरंगांपैकी टार्ट्राझिन हा एक. तो प्रकाशातील जांभळ्या व निळ्या लहरी शोषून घेतो. ब्रिलियंट ब्लू हा निळा रंग याच्या उलट टोकाच्या, म्हणजे नारिंगी व तांबड्या लहरी शोषतो. दोन्ही द्रावणे एकत्र केली की दोघांच्याही तावडीतून सुटतात त्या मधल्या हिरव्या लहरी, आणि पान हिरवे दिसते. येथे रंगांची बेरीज होत नाही, प्रकाशाची वजाबाकी होते. म्हणूनच तांबडा, पिवळा आणि निळा हे तिन्ही एकत्र आले की वजा व्हावयाचे फारसे काही उरत नाही आणि मातकट तपकिरी छटा हाती येते. नवशिक्याचे चित्र बहुधा येथेच बिघडते. छटा फिकी करावयाची असेल तर पांढरा रंग शोधण्याची गरज नाही. द्रावण पातळ करावे आणि खालच्या साखरेचा शुभ्रपणा वर येऊ द्यावा. ही शुभ्रताही एक प्रकाशाचीच लीला आहे, कारण साखरेचा प्रत्येक कण वस्तुतः काचेसारखा पारदर्शक असतो. असंख्य सूक्ष्म कणांवरून प्रकाश विखुरला गेल्यामुळे लेप पांढरा भासतो.

अडचण उत्पन्न होते ती पाण्यामुळे. बहुतेक खाद्यरंग पाण्यात विरघळतात, आणि साखरही पाण्यात विरघळते. ओला कुंचला लेपावर टेकताच खालची भूमीच वितळू लागते, रेषा फुटते आणि रंग पसरतो. व्यवसायातील कारागीर यासाठी रंग तीव्र मद्यार्कात कालवतात. मद्यार्कात साखर जवळजवळ विरघळत नाही आणि तो चटकन उडून जातो. ज्या घरी मद्यार्क चालत नाही तेथे पाण्याचे एकदोन थेंब, निथळून घेतलेला कुंचला आणि एक थर पुरता वाळेपर्यंत दुसरा न देण्याचा धीर एवढ्यावरही काम भागते. लोण्याच्या किंवा चॉकलेटच्या लेपावर मात्र हे रंग बसतच नाहीत, कारण ते स्निग्ध पदार्थात विरघळत नाहीत. तेथे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या कणांवर रंग बसवून केलेली अविद्राव्य चूर्णे तेलात खलून वापरतात. ती कोणत्या पदार्थात चालतात याचेही नियम आहेत. शिवाय छत्तीसगडात भिलाईजवळील रसमड्यासारख्या ठिकाणी वैशाखात पारा चाळिशीच्या वर चढतो आणि लोणी बत्तीस-पस्तीस अंशांतच पाघळते. अशा प्रदेशात लोण्यावर चित्र काढू पाहणे म्हणजे वाहत्या पाण्यावर रांगोळी घालणे होय. तेथे साखरेचा कोरडा, कठीण लेपच बरा.

या कठीण लेपास रॉयल आइसिंग म्हणतात. मूळ इंग्लिश पद्धतीत तो पिठीसाखर व अंड्याचा पांढरा बलक फेटून करतात. पुण्याच्या प्राची धबल देब यांनी अंड्याविना केलेल्या अशा लेपापासून मिलानच्या प्रार्थनामंदिराची सुमारे १०० किलोग्रॅम वजनाची प्रतिकृती उभारली आणि २०२२ साली तिची विक्रम म्हणून नोंद झाली.

आता प्रश्न रंगांच्या निवडीचा. मराठी घरात रंगाचे रसायनशास्त्र जुनेच आहे. हळदीवर चुन्याची वा टाकणखाराची क्रिया झाली की ती तांबडी होते. कुंकू करण्याची परंपरागत रीत हीच. हाच गुण केकच्या बाबतीत मात्र फसवा ठरतो. पिठात खाण्याचा सोडा अधिक झाला असेल तर हळदीचा पिवळेपणा लालसर तपकिरी होतो. गोकर्णीच्या फुलांचा अर्क सुरेख निळा असतो, पण लेपात लिंबाचा रस पिळलेला असेल तर तो जांभळा होतो. आकाश रंगवावयास बसावे आणि संध्याकाळ उमटावी, असा प्रकार! बीटाचा तांबडा रंग उष्णतेने नासतो. तथापि चित्र भाजणीनंतर काढावयाचे असल्याने येथे तो उपयोगी पडतो. पालकाचे हरितद्रव्य आम्लात आपले मॅग्नेशियम गमावते आणि शेवाळी दिसू लागते. कोकमाची लाली मात्र आम्लातच खुलते, म्हणून लिंबाच्या लेपाशी तिचे चांगले जमते.

कृत्रिम रंगांचा इतिहास १८५६ साली सुरू झाला. विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी लंडनमध्ये क्विनीन तयार करू पाहत होता. त्याऐवजी कोळशाच्या डांबरातील द्रव्यांपासून त्याला जांभळा रंग मिळाला. कापडासाठी निघालेले असले रंग पुढे मिठाईतही शिरले, आणि त्यांतील कोणते पोटाला चालतात हे ठरविण्यास कायद्यांची जरूर पडली. भारतात १९५४ साली अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला; पुढे २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने त्याची जागा घेतली. २०११ च्या नियमांत आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे : तांबडे तीन, पिवळे दोन, निळे दोन आणि हिरवा एक. त्यांचे प्रमाण सामान्यतः तयार पदार्थाच्या दर किलोग्रॅमला १०० मिलिग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहावा भाग, याहून अधिक असता कामा नये. स्वस्त मिठाईत सापडणारा मेटॅनिल पिवळा या यादीत नाही. हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकताच तो गुलाबी होऊन आपली ओळख देतो. ही परीक्षा शिक्षकांनी प्रयोगशाळेतच करावी.

तथापि सर्वांत मोठा धोका द्रवरूप रंगांत नसून चकाकणाऱ्या चूर्णांत आहे. २०१८ साली अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात वाढदिवसाचा केक खाऊन सहा मुले वांत्या व जुलाबांनी आजारी पडली. केकवर सोनेरी-गुलाबी झाक आणणारी पूड वास्तविक तांब्याची भुकटी होती. पुढच्याच वर्षी मिसूरी राज्यात एका वर्षाच्या बालकाच्या रक्तात शिसे आढळले. त्याच्या पहिल्या वाढदिवसाच्या केकवरील पिवळ्या चूर्णात ते होते. अशा कित्येक डब्यांवर ‘बिनविषारी’ एवढेच छापलेले असते. ‘बिनविषारी’ आणि ‘खाद्य’ हे शब्द समानार्थी नाहीत. खाण्याच्या पदार्थावर त्यातील घटकांची यादी असावयास हवी, आणि भारतात त्यासोबत अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांकही. ज्या डबीवर हे दोन्ही नाही, ती कागदाच्या फुलांसाठी ठेवावी.

चित्र पूर्ण झाल्यावर केक शीतकपाटात ठेवण्याचा मोह होतो. तेथून बाहेर काढताच हवेतील बाष्प थंड साखरेवर जमते, आणि पावसाळ्यात तर पाच मिनिटांत मोराचा पिसारा वितळू लागतो. त्यापेक्षा झाकणाच्या कोरड्या डब्यात, उन्हापासून दूर ठेवलेले चित्र संध्याकाळपर्यंत नीट टिकते.