वाचला, पण उभा राहिला का?

अपघाताची बातमी आली की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, 'वाचला ना?' उत्तर 'वाचला' असं आलं की विचारणारा हायसं वाटून घेतो आणि विषय तिथेच संपतो. गेल्या पस्तीसेक वर्षांत न्यायालयं, सरकार आणि डॉक्टर या एका प्रश्नासाठी बरेच राबले आणि त्याला यशही आलं. हे यश कुठवर पोचलं आणि कुठे थांबलं, ते पाहण्याजोगं आहे.

सुरुवात १९८९पासून करावी लागते. एका स्कूटरस्वाराला मोटारीनं उडवलं. वाटेनं जाणाऱ्या एकानं त्याला उचलून जवळच्या रुग्णालयात नेलं. तिथे सांगण्यात आलं, 'ही पोलीस केस आहे, आम्हाला परवानगी नाही, अमुक रुग्णालयात न्या.' ते रुग्णालय वीस किलोमीटरवर होतं. जखमी वाटेतच गेला. वर्तमानपत्रातली ही बातमी जोडून परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि त्या ऑगस्टमध्ये निकाल लागला. डॉक्टर सरकारी असो वा खासगी, आधी जीव वाचवायचा. पंचनामे आणि जबाब मागाहून.

कागदावर रुग्णालयाचं दार उघडलं. पण जखमीला त्या दारापर्यंत आणणार कोण? रस्त्यावर माणसं थांबायची, गर्दी करायची, पाणी पाजायची. गाडीत घालून न्यायला मात्र कोणी धजत नसे. 'पोलिसांचं लचांड कोण मागे लावून घेणार?' हे वाक्य ऐकलं नाही असा मराठी माणूस विरळा. भीती खोटीही नव्हती. जबाबासाठी तासन् तास बसवून ठेवणं, रुग्णालयानं पैसे भरायला सांगणं, पुढे वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखा. सेव्हलाइफ फाउंडेशनच्या याचिकेवर ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचं बळ दिलं. २०१९च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात त्यासाठी स्वतंत्र कलम आलं. आता जखमीला आणून सोडणाऱ्यानं नाव-गाव सांगायलाच हवं अशी सक्ती नाही. अजूनही अनेकांना हे ठाऊक नाही, ही गोष्ट वेगळी.

मधल्या काळात गाडीचा प्रश्नही थोडा मार्गी लागला. जानेवारी २०१४पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा आली. ९३७ रुग्णवाहिका, त्यांतल्या २३३ अद्ययावत जीवरक्षक यंत्रणा असलेल्या. त्याआधी जखमी यायचा तो जीपच्या मागच्या बाकावर दुमडून किंवा टेम्पोच्या हौद्यात. मानेचा मणका तुटला असेल तर अपघातात वाचलेला मज्जारज्जू या उचलाउचलीत दुखावण्याचा धोका असे. आता चांगल्या कॅज्युअल्टीत दृश्य वेगळं असतं. मानेला कॉलर, एक जण डोकं दोन्ही हातांनी धरून उभा, दुसरा खांद्याशी, तिसरा कमरेशी. डोक्याशी उभा असलेला आकडे मोजतो आणि 'तीन'ला सगळे मिळून माणसाला ओंडक्यासारखा सरळ कुशीवर वळवतात. चौथा पाठीच्या मणक्यांवरून एकेक करत बोट फिरवत जातो. डोकं धरणाऱ्याचा हुकूम झाल्याशिवाय कोणी हलायचं नाही, मग तिथे प्राध्यापक का असेना.

ही शिस्त आली एका अपघातातूनच. १९७६ साली अमेरिकेत नेब्रास्काच्या शेतात जेम्स स्टायनर या अस्थिशल्यचिकित्सकाचं छोटं विमान कोसळलं. पत्नी जागीच गेली, मुलं जखमी झाली. गावच्या रुग्णालयात मुलांवर झालेले उपचार पाहून तो हादरला आणि त्यातून जखमीला तपासण्याची ठरावीक क्रमवारी तयार झाली: आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण. मोडलेला पाय कितीही भेसूर दिसला तरी त्याची पाळी नंतर. ती शिकवणारा अभ्यासक्रम भारतात रुजायला पुढे तीनेक दशकं गेली.

हा क्रम इतका काटेकोर का, हे महाराष्ट्रानं जून २०१४मध्ये पाहिलं. दिल्लीत केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या मोटारीला दुसऱ्या गाडीची धडक बसली. बाहेरून मोठी जखम दिसत नव्हती, पण यकृत फाटलं होतं आणि मानेला इजा होती. एम्सच्या ट्रॉमा सेंटरचे प्रयत्न थिटे पडले. सप्टेंबर २०२२मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री मोटार अपघातात गेले. दोघेही मागच्या सीटवर होते आणि दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. 'मागे बसणाऱ्याला कशाला पट्टा?' या समजुतीची किंमत त्या दिवसांत घराघरांत बोलली गेली. ती चर्चा किती दिवस टिकली, हे कुठल्याही टोलनाक्यावर उभं राहिलं की दिसतं.

रुग्णालयाच्या आतही बरंच बदललं. मांडीचं हाड मोडलं की लिटरभर रक्त आतल्या आत साचू शकतं. रक्तस्राव आवरायला ट्रॅनेक्झामिक ॲसिड या स्वस्त औषधाचा उपयोग होतो, हे २०१०मध्ये चाळीस देशांतल्या वीस हजारांवर जखमींच्या चाचणीतून सिद्ध झालं. अट एकच, ते पहिल्या तीन तासांत द्यायचं. पूर्वी अशा रुग्णाच्या नडगीत सळई घालून, दोरीला वजन लटकवून, पलंगाच्या पायथ्याखाली विटा लावून दोन-दोन महिने उताणं झोपवून ठेवत. हाड जुळायचं, तोवर पाठीला बेडसोर, छातीत कफ आणि गुडघा आखडलेला. आज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांडीत रॉड पडतो आणि आठवड्याभरात माणूस वॉकर धरून उभा राहू शकतो.

राहू शकतो, राहतोच असं नाही. इथून पुढे व्यवस्था पातळ होत जाते. डिस्चार्ज कार्डावर औषधं सविस्तर असतात आणि शेवटी दोन शब्द, 'फिजिओथेरपी घ्या'. फिजिओथेरपिस्ट तालुक्याला, नाहीतर थेट जिल्ह्याला. जायला रिक्षा, सोबत घरातलं एक माणूस, म्हणजे दोघांचा रोज बुडाला. चार खेपांनंतर जाणं बंद होतं, गुडघा अर्धाच वाकतो आणि भारतीय संडासात बसता येत नाही म्हणून माणूस पाहुण्यांकडे जाणं सोडतो. डोक्याला मार लागलेल्यांचं दुखणं आणखी अदृश्य. स्कॅन स्वच्छ येतो आणि बायको सांगत असते, 'डॉक्टर, ह्यांचा स्वभावच बदललाय. साध्या गोष्टीवरून अंगावर येतात.' मुंबईत हाजी अलीला १९५५पासून पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आहे. पण बीड-गडचिरोलीच्या जखमीला ती किती जवळची?

पैशांचंही तेच. अपघातग्रस्ताला रोकडरहित उपचार देण्याची तरतूद २०१९च्या कायद्यात होती. ती अमलात आणायला सर्वोच्च न्यायालयाला सरकारचा कान धरावा लागला. मे २०२५मध्ये योजना आली: दीड लाखापर्यंत, सात दिवस. सात दिवसांत रक्त थांबतं, रॉड बसतो. चालणं परत यायला महिने लागतात, तो खर्च घरचा.

खरं तर न्यायालयानं ही दुसरी बाजूही पाहिली आहे. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१०च्या निकालानं सांगितलं, की भरपाई ठरवताना अपंगत्वाच्या टक्क्यांवर थांबू नका, त्या माणसाच्या कामाचं काय झालं ते बघा. डावा हात गेलेला सरकारी कारकून नोकरीत राहू शकतो. तोच हात सुताराचा किंवा ड्रायव्हरचा असेल, तर कमाई जवळपास शंभर टक्के बुडाली. दावा न्यायाधिकरणाला लावलेली ही कसोटी रुग्णालयाला मात्र कोणी लावलेली नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, हे सरकारी अहवाल सांगतो. गंभीर जखमी किती, तेही सांगतो. त्यांतले किती वर्षभरानं कामावर परतले, हा रकाना त्यात नाही.

आजवर जे जे मिळालं, ते मृत्यू मोजले गेले आणि त्यांचा कोणीतरी जाब विचारला म्हणून. मागे राहून लंगडत जगणारा मोजला जात नाही, म्हणून त्याच्यासाठी भांडणाराही नाही. पुढची सुधारणा हवी असेल तर मागणी साधी आहे: जखमीची फाइल डिस्चार्जच्या दिवशी बंद करू नका. सहा महिन्यांनी आणि वर्षानं त्याला फोन करा आणि एवढंच लिहून ठेवा की तो कामावर जातो की नाही.