पन्हाळ किती वेळा साफ करावी?

'पावसाळ्याआधी एकदा' हे उत्तर अर्धंच आहे. लातूर-नांदेडकडे मे महिन्यात वावटळी सुटतात. गच्चीवर माती आणि लिंबाचा पाला साचतो. त्यामुळे पहिली सफाई मृगाच्या, म्हणजे 7 जूनच्या, आठवडाभर आधी करावी. दुसरी पहिल्या दोन-चार सरींनंतर, कारण उरलेली धूळ तेव्हाच वाहून पाइपच्या तोंडाशी येते. तिसरी पोळ्याच्या सुमारास, आणि हीच बहुतेक जण विसरतात. मराठवाड्यात सप्टेंबरचा पाऊस अनेकदा जूनपेक्षा जोराचा असतो. दारात लिंब असेल किंवा कबुतरं बसत असतील, तर पावसाळाभर महिन्याला एकदा बघावंच.

तुंबलेलं पाणी स्लॅबमध्ये मुरतं, आतल्या सळ्या गंजतात. जुन्या माळवदात तर भिजलेल्या मातीचं वजनच छतावर येतं.

2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातुरात आणखी एक हिशेब हवा: 100 चौरस मीटर गच्चीवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 100 लिटर पाणी. ते हौदात किंवा बोअरच्या पुनर्भरणाला सोडणार असाल, तर पहिल्या सरीचं गढूळ पाणी बाहेर जाऊ द्या. सफाईनंतर वरून बादलीभर पाणी ओता. ते खाली रखडत आलं, तर चोंदा पाइपमध्ये आहे.