चौथा पाय

सकाळी साडेनऊ. गिरगावातली जुनी चाळ. काकांची खोली दुसऱ्या मजल्यावर, पण मी आधी पहिल्या मजल्यावर त्यांच्या बरोबर खालचं दार वाजवतो. तिथल्या मावशींना वाटतं, गळतीचं बघायला कोणीतरी आलंय. मला फक्त त्यांचं छत बघायचं असतं. लाकडी तुळया खालूनच दिसतात: कुठून कुठे गेल्यात, कुठली वाकलीय, भिंतीत कुठे टेकल्यात. वर फळ्या, कोबा आणि फरशी चढल्यावर यातलं काही कळत नाही.

दहा. काकांना माशांची टाकी खोलीच्या मधोमध, पार्टिशनला लागून हवी, पलंगावरून दिसायला. मी म्हणतो, भिंतीकडे, तुळयांची टोकं टेकलीत तिथे, आणि लांबी तुळयांना आडवी, म्हणजे वजन दोन-तीन तुळयांवर वाटलं जाईल. तीन फूट बाय सव्वा फूट, उंची दीड फूट. पाणीच 140 किलो. काच, रेती आणि लोखंडी स्टँड धरून सव्वादोनशेच्या घरात. चार फुटी टाकी मी फोनवरच नाकारली होती.

“काका, तीन माणसं एकाच जागी रात्रंदिवस उभी राहणार.”

“अरे, माझ्या लग्नात या खोलीत चाळीस माणसं जेवली!”

“जेवली आणि उठून गेली ना, काका.”

काकू हसल्या आणि भिंतीकडची जागा पक्की झाली.

साडेदहा ते साडेबारा. खरं काम हे. रिकामा स्टँड जागेवर ठेवून आधी स्पिरिट लेव्हलचीच परीक्षा: बुडबुडा बघायचा, पट्टी टोकाकडून टोकाकडे फिरवायची, पुन्हा बघायचा. दोन्ही वेळा तो एकाच जागी आला तरच तिच्यावर विश्वास. मग गवंड्यांचा लेव्हल पाइप. त्यात हवेचा एक फुगा अडकला तरी तो खोटं बोलतो, म्हणून आधी झटकून घ्यायचा.

फरशी लांबीत दोन सूत उतरते. याची मला फारशी चिंता नाही. टाकीच्या एका टोकाला पाणी सहा मिलिमीटर जास्त खोल असलं तर काचेला त्याचं काही नाही. डोळ्याला मात्र काठ आणि पाणी यांतला तिरकेपणा रोज खुपतो. चिंता वेगळीच आहे. पुढच्या उजव्या पायाखाली आणखी एक सूत फट आहे. तीन पाय टेकलेत, चौथा अधांतरी. हा पीळ. भरल्यावर वजन चौथ्या पायाला खाली ओढणार आणि चौकट पिळली जाणार. काच पिळायला तयार नसते. मग सिलिकॉनचा सांधा सुटतो, नाहीतर तळाला कोपऱ्यातून तडा जातो, तोही कधीकधी महिन्याभराने, सगळे झोपेत असताना.

पीळ बघायला दोन दोरे पुरतात. स्टँडच्या वरच्या चौकटीवर कोपऱ्यातून कोपऱ्यात ताणून फुली करायची. मधे दोघे एकमेकांना जेमतेम शिवले तर ठीक. वरचा दोरा खाली घेऊन पुन्हा बघायचं. इथे बोटभर नसली तरी पोस्टकार्ड जाईल एवढी फट होती.

काका पुठ्ठ्याची घडी घेऊन आले. पुठ्ठा ओला झाला की बसतो. सुताराची पाचरही नको, ती एका धारेवरच टेकते. मी पायाच्या मापाच्या लोखंडी पट्ट्या घालतो आणि शेवटचा मिलिमीटर सनमायकाच्या तुकड्यांनी भरतो. सगळं पॅकिंग स्टँडच्या पायाखाली. टाकी आणि स्टँड यांच्यामध्ये तुकडे सारणारे लोक पाहिले की माझं डोकं फिरतं.

एक. वर जाड वॉटरप्रूफ प्लाय, त्यावर थर्माकोल, त्यावर टाकी. थर्माकोल रेतीचा खडा, प्लायची खरखर एवढंच पोटात घेतो; पीळ त्याच्याच्याने जात नाही. जेवण. काकूंची आमटी.

दोन ते पाच. पिंपातलं पाणी बादल्यांनी निम्म्यापर्यंत. आता सगळ्यात खरी लेव्हल टाकीतच आहे: चारही कोपऱ्यांत काठापासून पाण्यापर्यंत पट्टीने मोजायचं. तासाभराने पुन्हा मोजलं. उजवीकडे दोन मिलिमीटर बसलं होतं. भरल्या टाकीखाली पट्टी ठोकायची नसते. माझ्या हाताखालच्या पोऱ्याने तोंड वाकडं केलं, पण पाणी उपसलं, सनमायकाचे आणखी दोन तुकडे घातले आणि पुन्हा भरलं. या वेळी जागचं हललं नाही.

साडेपाच. नळाला पाणी आलं. उरलेली टाकी भरली, काचेवर पाण्याच्या रेषेला चारही कोपऱ्यांत चिकटपट्टी लावली. उद्या याच वेळी येऊन बघेन. मासे आज नाहीत, उद्याही नाहीत. फिल्टर काही आठवडे नुसता चालू दे.

सहा. बिल वाचताना काका एका ओळीवर थांबले. “पॅकिंगचे पैसे कसले? चार तुकडे तर घातलेस.” पन्नास रुपये कमी केले. जिना उतरत असताना दादरहून फोन: स्टँड डुगडुगतोय, खाली दहाचं नाणं घातलंय, आता पाणी भरू का? मी म्हटलं, थांबा.