अनोळखी आवाजांचं वय

अनोळखी माणसांसमोर उभं राहून भाषण करायचं आणि लगोलग तोंडी गणितं सोडवायची. भल्याभल्यांच्या पोटात गोळा यावा असा हा प्रसंग. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात लेस्ली सेल्टझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७ ते १२ वर्षांच्या ६१ मुलींना त्यातून जायला लावलं. नंतर काही मुलींना आईने जवळ घेतलं. काहींशी आई फक्त फोनवर बोलली. उरलेल्यांना आई भेटली नाही, एक चित्रपट दाखवला गेला. मग कॉर्टिसॉल, म्हणजे ताण वाढला की वाढणारं संप्रेरक, आणि ऑक्सिटोसिन, म्हणजे मायेच्या सहवासात वाढणारं संप्रेरक, या दोन्हींची पातळी मोजली.

२०१० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष मला आजही थक्क करतो. कुशीत घेतलेल्या मुली आणि फोनवर नुसता आवाज ऐकलेल्या मुली जवळजवळ सारख्याच शांत झाल्या होत्या. दुरून, एका छोट्याशा स्पीकरमधून आलेल्या आवाजाने मिठीचं काम केलं होतं!

याच संशोधकांनी २०१२ मध्ये पुढचा प्रयोग मांडला. या वेळी काही मुलींना आईशी लेखी मेसेजवर बोलायला दिलं. आई तीच, धीर देणंही तेच, फक्त आवाज काढून घेतलेला. या मुलींचं ऑक्सिटोसिन वाढलं नाही, आणि आईशी काहीच संपर्क न झालेल्या मुलींइतकाच त्यांचा ताण टिकून राहिला.

म्हणजे लेकराला सावरतं ते आपलं वाक्य नव्हे, ते वाक्य ज्यातून येतं तो स्वर. त्यातले चढउतार, बोलताना मध्येच घेतलेला श्वास, ‘अगं’ म्हणताना किंचित लांबवलेला शेवट. ही ओळख जन्माच्याही आधीची असते. अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी १९८० मध्ये दाखवून दिलं होतं की अवघ्या काही दिवसांची बाळं आईचा आवाज ऐकू यावा म्हणून चोखणीवर चोखण्याची लय बदलतात. पुढे स्टॅनफर्डच्या डॅनियल एब्रम्स आणि विनोद मेनन यांच्या गटाने शाळकरी मुलांना एका सेकंदाहूनही छोटे, अर्थहीन शब्द ऐकवले. शब्द आईच्या तोंडून आला की मुलांच्या मेंदूतली भावना, आनंद आणि स्वतःची जाणीव सांभाळणारी केंद्रं एकदम जागी होत. हे संशोधन २०१६ चं.

हे वाचल्यावर दुपारचं पुणं डोळ्यांसमोर येतं. आई हिंजवडीत, बाबा खराडीत, आणि शाळेतून आलेलं मूल स्वतःच कुलूप उघडून घरात शिरतंय. त्याला मेसेज जातो : ‘जेवलास का?’ पाठोपाठ हसरा चेहरा. मीटिंगच्या धबडग्यात हे साहजिकच आहे, त्याबद्दल कुणालाही दोष देता येणार नाही. पण दोन मिनिटांचा फोन करता येत असेल, तर त्या दोन मिनिटांचं मोल मेसेजच्या किती तरी पट आहे.

आता यातला सर्वांत विलक्षण भाग. २०२२ मध्ये याच स्टॅनफर्डच्या गटाने तेराच्या पुढची मुलंही तपासली आणि चित्र पालटलेलं दिसलं. आईचा आवाज ती अचूक ओळखत होती. मात्र बक्षीस मिळाल्यावर सुखावणारी मेंदूतली केंद्रं आता अनोळखी बाईंच्या आवाजाला जास्त दाद देत होती. म्हणजे ‘कितीदा हाक मारली, कान कुठे आहेत तुझे?’ या प्रत्येक घरातल्या प्रश्नाला शरीरात उत्तर आहे. मुलाचं घराबाहेरचं आयुष्य सुरू व्हायचं, मित्र जोडायचे, उद्या जोडीदार निवडायचा, तर मेंदूला अनोळखी स्वर गोड वाटलेच पाहिजेत. हा उद्धटपणा नाही. ही वाढ आहे, आणि ती सुंदर आहे.

आणि इन्स्टाग्राम ज्या वयापासून खातं उघडायला परवानगी देतं, ते वयही तेराच.

अनोळखी आवाज घरात येणं पुण्याला नवीन नाही. १९५३ मध्ये पुण्याचं आकाशवाणी केंद्र सुरू झालं. पुढे त्यावर मुलांसाठीचं ‘बालोद्यान’ लागलं की मुलं रेडिओपाशी गोळा होत. गोपीनाथ तळवलकरांसारखी, प्रत्यक्ष कधी न भेटलेली माणसं त्यांना घरची वाटत. पण तो आवाज खोलीभर पसरायचा. स्वयंपाकघरातली आजी तो ऐकायची, झोपाळ्यावरचे आजोबा ऐकायचे. शिवाय त्या आवाजाला मुलाचं उत्तर ऐकू येत नव्हतं. आज ऑनलाइन खेळातला अनोळखी आवाज हेडफोनमधून एकाच कानात उतरतो, आणि तो उत्तरही ऐकतो. मूल कशाने खूश होतं, आज कुणाशी भांडलंय, घरी कोण नाही, हे त्याला समजत जातं.

फसवणाऱ्यांची चाल बहुतेक वेळा ठरलेली असते. आधी कौतुक. मग ‘हे आपल्या दोघांतच’. मग दुसऱ्या ॲपवर चल. मग फोटो. मग धमकी. यातल्या प्रत्येक पायरीवर मूल घरी सांगू शकलं असतं, मग सांगत का नाही? लाज असतेच, पण त्याहून साधं कारण असतं : सांगितलं तर फोन जाईल. त्या वयात फोन जाणं म्हणजे सगळी मित्रमंडळी जाणं. म्हणून काही घडण्याच्या कितीतरी आधी, साध्या दिवशी, मुलाला एक शब्द देऊन ठेवावा : ‘काहीही झालं तरी सांग. फोन काढून घेणार नाही, ओरडणार नाही, आपण मिळून निस्तरू.’ आणि तो पाळावा. सगळ्या पॅरेंटल कंट्रोल ॲप्सपेक्षा मी या वचनाला वरचं स्थान देईन.

फोटो बाहेर गेलाच तर? इथे तंत्रज्ञानाची एक खरोखर सुंदर युक्ती मदतीला येते. बेपत्ता आणि शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या एका अमेरिकन संस्थेने २०२३ मध्ये ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा सुरू केली. अठरा वर्षांखालच्या मुलाने आपल्या फोनमधला तो फोटो निवडायचा. फोन त्या फोटोवरून अंक-अक्षरांची एक लांबलचक खूण तयार करतो. ती खूण त्या फोटोचीच असते, पण तिच्यावरून फोटो परत घडवता येत नाही. फोटो फोनमध्येच राहतो, बाहेर जाते ती फक्त खूण. सहभागी कंपन्या आपल्याकडे चढणारी चित्रं तिच्याशी ताडून पाहतात आणि जुळलं की ते चित्र काढतात. नाव सांगावं लागत नाही. एन्क्रिप्टेड गप्पांपर्यंत ही खूण पोचत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावं. लगेच माणसाशी बोलायचं तर मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ आहे, पैशांची लुबाडणूक झाली असेल तर १९३०. धमक्यांचे मेसेज रागाच्या भरात पुसू नयेत, तोच पुरावा असतो.

मात्र मूल या आकड्यांपर्यंत पोचतं ते घरात ऐकून घेणारं कुणी असेल तर. पुण्याने हे ऐकणं फार मनापासून जोपासलंय. शोभा भागवतांनी गरवारे बालभवनात मुलांना मनसोक्त खेळू दिलं आणि पालकांना मुलांकडे पाहायला शिकवलं. १९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘पालकनीती’ मासिकाने पालक होणं हा विचार करण्याचा विषय मानला. तेव्हा कुणाच्या हातात स्मार्टफोन नव्हता, तरी ते काम आज जास्तच लागू पडतं.

तेराच्या पुढच्या मुलाला समोर बसवून ‘बोल, काय चाललंय?’ विचारलं की बहुधा ‘काही नाही’ एवढंच हाती लागतं. स्कूटरवर मागे बसलेलं तेच मूल सिंहगड रोडच्या सिग्नलला आपणहून बोलायला लागतं. नजरेला नजर नसते, विषय अर्ध्यावर सोडता येतो, आणि पोचायला वेळ असतो. तिथे आपण उपदेश आवरून फक्त ‘हं, मग?’ म्हणावं.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने तर सगळ्या गावासाठी अशी वेळ काढली. ऑगस्ट २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. टीव्ही, मोबाइल बंद. मुलं अभ्यासाला, वाचायला बसायची, घरात गप्पा व्हायच्या. दीड तासाने पुन्हा भोंगा. मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की भोंगा मोठ्यांसाठीही होता. मुलाचा फोन बंद आणि बापाचा चालू, असा नियम कुठल्याच घरात आठवडाभरही टिकत नाही. आपल्या सोसायट्यांमध्ये भोंगा वाजवायला जागा नाही, पण सोसायटीचा ग्रुप रात्री आठ ते साडेनऊ बंद ठेवायचा ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगच्या विषयाआधी घेता येईल.