दुसरा राउटर घ्यावा की ॲक्सेस पॉइंट?



गटाच्या कार्यालयात वाय-फाय घेतलं, की थोड्याच दिवसांत एक तक्रार हमखास येते. पुढच्या खोलीत नेट छान चालतं, पण मागच्या शेडमध्ये, जिथं पापड-मसाल्याचं काम चालतं, तिथं रेंजची एकच दांडी. ऑर्डरचे मेसेज उशिरा येतात, पैसे जमा झाल्याचं लवकर कळत नाही. दुकानात विचारलं, की सल्ला मिळतो, “अजून एक राउटर घ्या.” गटाचे पैसे खर्च करण्याआधी आज आपण एक फरक समजून घेऊ. राउटर वेगळा आणि ॲक्सेस पॉइंट वेगळा. दिसायला दोन्ही सारखेच, तोच चपटा डबा, तेच मिणमिणते दिवे. काम मात्र निराळं.

आधी राउटर. बाहेरच्या जगाला आपल्या कार्यालयाचा एकच पत्ता दिसतो. आत मात्र सहा-सात फोन असतात, एखादा लॅपटॉप, एखादा प्रिंटर. राउटर यातल्या प्रत्येकाला आतल्या आत वापरायचा वेगळा नंबर देतो. कोणत्या फोननं काय मागितलं याची नोंद ठेवतो आणि आलेली माहिती बरोबर त्याच फोनला पोचवतो. न बोलावता बाहेरून कोणी आत शिरू लागलं, तर त्याला दारातच थांबवतो. म्हणजे टपाल वाटणारा आणि दार राखणारा, असा हा दुहेरी कारभारी.

आता ॲक्सेस पॉइंट. तो नंबर देत नाही, हिशोब ठेवत नाही. राउटरकडून वायरीनं आलेलं नेट हवेत सोडायचं आणि फोनकडून आलेलं पुन्हा वायरीत घालायचं, एवढंच त्याचं काम. जत्रेतले कर्णे आठवा. मशीन एकच असतं. देवळापाशी एक कर्णा, पाराजवळ दुसरा. आवाज लांब न्यायचा म्हणून आपण दुसरं मशीन आणत नाही, वायर ओढून कर्णा वाढवतो. ॲक्सेस पॉइंट हा तसाच वाढवलेला कर्णा समजा. फक्त हा कर्णा बोलतो तसा ऐकतोही.

गोंधळ होतो तो एका कारणानं. कंपनीचा माणूस भिंतीवर जो डबा लावून जातो, त्यात राउटर आणि ॲक्सेस पॉइंट दोन्ही एकत्रच असतात. म्हणून आपण सगळ्यालाच राउटर म्हणतो.

मग शेडमध्ये दुसरा राउटर लावला तर बिघडतं कुठं? दोन कारभारी झाले, की दोन वेगळी घरं होतात. शेडमधला फोन एका घरात, कार्यालयातला प्रिंटर दुसऱ्या घरात. फोनला प्रिंटर सापडत नाही आणि बिलं छापायची अडतात. वायर चुकीच्या जागी लागली, तर दोघंही नंबर वाटू लागतात आणि नेट सारखं तुटतं. आपल्याला वाटतं, डबाच खराब निघाला.

बरोबर उपाय असा. कार्यालयातल्या राउटरच्या लॅन पोर्टमधून एक लॅन केबल शेडपर्यंत न्यायची आणि तिथं ॲक्सेस पॉइंट लावायचा. अशी केबल १०० मीटरपर्यंत चालते. दोन्हीकडे वाय-फायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवला, तर फिरताना फोन बहुधा स्वतःच जवळचा डबा धरतो.

कोणाकडे जुना राउटर पडून असेल तर तोही कामी येऊ शकतो. बऱ्याच राउटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असतो, तो चालू करायचा. तो नसेल तर जाणकाराकडून त्याचं नंबर वाटण्याचं काम, म्हणजे डीएचसीपी, बंद करून घ्यायचं, त्याचा स्वतःचा नंबर बदलून घ्यायचा आणि केबल लॅन पोर्टातच लावायची.

दुकानात एक्स्टेंडर किंवा रिपीटरही दाखवतात. त्याला वायर लागत नाही, हवेतलं नेट पकडून तो पुढं देतो. पण एकाच वेळी घ्यायचं आणि द्यायचं, यात वेग बराच कमी होतो. शिवाय जिथं रेंजच नाही तिथं तो लावला तर पुढं देणार काय? केबल ओढणं शक्यच नसेल, तेव्हाच त्याचा विचार करा.

आणि हो, सुरुवातीला काहीच विकत घेऊ नका! डबा लोखंडी कपाटामागं किंवा कोपऱ्यात जमिनीजवळ असेल, तर उंच, मोकळ्या जागी ठेवून बघा. पत्र्याच्या आणि जाड दगडी भिंती रेंज अडवतात. डब्यातून दोन नावं दिसत असतील तर २.४ गिगाहर्ट्झवालं नाव वापरून बघा. त्याचा वेग कमी, पण ते ५ गिगाहर्ट्झपेक्षा लांब पोचतं. डब्याच्या खाली छापलेला पासवर्ड मात्र नक्की बदला. आपल्या पैशांचे व्यवहार त्याच नेटवरून होतात.

ॲक्सेस पॉइंट हा शब्द लक्षात ठेवायला आणखी एक कारण आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारनं पीएम-वाणी योजनेला मंजुरी दिली. त्यात किराणा दुकानासारख्या साध्या ठिकाणीही योजनेत बसणारे ॲक्सेस पॉइंट लावून लोकांना वाय-फाय देता येतं. अशा ठिकाणाला पब्लिक डेटा ऑफिस म्हणतात. त्यासाठी परवाना लागत नाही, नोंदणी शुल्कही नाही. गटाला हा जोडधंदा जमेल का, यावर बैठकीत बोलायला हरकत नाही.

तर खरेदीला जाण्याआधी तीन गोष्टी वहीत लिहा. रेंज नेमकी कुठं तुटते, तिथपर्यंत केबल किती लागेल आणि तिथं विजेचं बटण आहे का? मग दुकानात ठामपणे सांगा, “राउटर आमच्याकडे आहे, आम्हाला ॲक्सेस पॉइंट दाखवा.”